एका माणसाची मोटार

शुक्रवार, ७ ऑगस्ट १९३६

आज दारात मोटार आली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मोटारीचं मला नवल नाही. माहेरी नांदगावला, मास्तरांच्या घरात, साधी बैलगाडीसुद्धा नव्हती हे खरं. पण लग्न होऊन मी आले ती मोटारवाल्याच्या घरी. आमची एक लॉरी नाशिकहून वणीला गडाचे यात्रेकरू नेते, दुसरी सायखेड्याला जायची. टपावर किती गाठोडी मावतात ते मी झोपेतसुद्धा सांगीन. पण आज आली ती वस्तू म्हणजे लांबलचक पडवळाला चार चाकं लावावीत तशी. रंग निळा. छप्पर नाही, दारं नाहीत, दिवे नाहीत, भोंगा नाही, चाकांवर चिखलाचे पत्रे नाहीत. मधोमध एक खड्डा आणि त्यात एक खुर्ची. एकच!

"मी कुठे बसायचं?" मी विचारलं.

"शर्यतीची गाडी आहे ही," हे म्हणाले. "शर्यतीला बायकोला बरोबर नेत नाहीत."

देवळालीच्या कॅम्पातला कुणी गोरा कप्तान विलायतेला परत चालला, त्याच्या सामानाच्या लिलावात ह्यांनी ती घेतली. सायखेड्याची लॉरी गेल्या महिन्यात विकली ती ह्याच्यापायी, हे मला आज कळलं.

वणीच्या लॉरीमागे दोर बांधून ती ओढत आणली. लॉरी रहेमानभाईंनी चालवली. रहेमानभाई म्हणजे ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि आमचे मेकॅनिक. हे शेजारी बसून आले. गेले कित्येक महिने ह्यांनी लॉरीचं स्टेअरिंग हातात धरलेलं नाही. आता शेठ झाले ना! शेठने शेजारी बसायचं. रहेमानभाई एरवी माझ्या बोलण्याला हसतात. आज दोर सोडताना त्यांनी मान वर केली नाही.

मंगळवार, ११ ऑगस्ट

हे सकाळ-दुपार शेडमध्ये असतात. गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवतात, प्रत्येक खिळ्यावर बोट ठेवतात, मग परत पहिल्यापासून. सासूबाई दारातून बघत होत्या. त्या सायखेड्याच्या, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, "बैल घेताना बी इतकं कोनी चाचपत नाय. ह्याला झालंय तरी काय?"

मला काय विचारता, म्हटलं. मुलगा तुमचा.

बुधवार, १९ ऑगस्ट

शेडमध्ये चहा घेऊन गेले होते. हे नव्हते. रहेमानभाईंना सहज विचारलं, ह्या गाडीत आधी कोण बसायचं?

"भाभी, नका विचारू."

मी विचारत राहिले. तेव्हा कळलं. विलायतेत सिमेंटचा एक गोल रस्ता आहे म्हणे, ताटाच्या काठासारखा वर चढलेला. तिथे ही पळायची. पहिला मालक त्या काठावरून गाडीसकट खाली पडला आणि जागच्या जागी मेला. गाडी दुरुस्त केली आणि दुसऱ्याला विकली. मग कुणा संस्थानिकाच्या मुलाने बोटीतून इकडे आणली. तो दोनदा बसला, तिसऱ्यांदा बसायचं धाडस झालं नाही. कित्येक वर्षं ती हत्तीच्या हौद्याशेजारी धूळ खात पडली. मग कप्तानाने घेतली. आता आम्ही!

म्हणजे ज्या खुर्चीत हे रोज बसून बघतात, त्याच खुर्चीत एक माणूस मेला. आणि घरात मला कुणी सांगितलं नाही.

रात्री जेवताना सरळ म्हटलं, ती गाडी विकून टाका. हे म्हणाले, "एकदाच चालवणार आहे. दसऱ्याला, भर दुपारी बाराला. दिंडोरी रस्त्याने म्हसरूळच्या वळणापर्यंत, असेल नसेल तेवढ्या वेगाने. तेच माझं सीमोल्लंघन. मग तू सांगशील ते करीन."

एकदाच! मरायला एकदाच पुरतं.

गुरुवार, ३ सप्टेंबर

ह्यांना नवीन खूळ. वर्तमानपत्र मी वाचून दाखवायचं. म्हणे तुझा आवाज गोड आहे. इतक्या वर्षांत आवाज गोड नव्हता, आता झाला! स्पेनमधली लढाई आणि सरकीचे भाव गोड आवाजात वाचत बसते. आणि काल तिन्हीसांजेला दारात ठेवलेली घागर लाथेने लवंडली. पाणी पार ओसरीवर. मी म्हटलं, डोळे काय त्या पडवळात ठेवून आलात? माझ्याकडे तोंड करून नुसते उभे राहिले. चोराच्या उलट्या बोंबा नाहीत, रागावणं नाही, काही नाही. भांडायलासुद्धा मन लागत नाही ह्यांचं.

रविवार, १३ सप्टेंबर

आज मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी बाराच्या उन्हात मी अंगणात वाल सोलत होते. सासूबाई जवळच. शेजारच्या पुतळाबाई कुंपणावरून गप्पा मारत उभ्या. हे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जरा इकडे उन्हात ये. अशी समोर बस. बघू दे."

"काय बघू दे?"

"मुंबईहून आणलेली चमकी नाकात कशी दिसते ते."

पुतळाबाईंनी तोंडाला पदर लावला. माझ्या अंगाची लाही झाली. म्हटलं, "मुलगी बघायला आलात की काय? लग्न होऊन गेलंय आपलं." आणि पदर तोंडावर ओढून सरळ घरात निघून आले. हे तिथेच उभे. बऱ्याच वेळाने बाहेर डोकावले तर हे मी बसले होते त्याच जागेकडे बघत होते, सुपातल्या वालाकडे.

गुरुवार, २४ सप्टेंबर

परत मुंबई. ह्या वर्षात कितव्यांदा ते मोजायचं सोडून दिलं आहे. काय काम, विचारलं तर "सुटे भाग." मी मोटारवाल्याची बायको आहे, सुट्या भागाला मालक जात नाही, मेकॅनिक जातो, एवढं मला कळतं. परत आले की गप्प. कपड्यांना कसलातरी दवाखान्यासारखा उग्र वास. अत्तर लपवायला लोक काय काय लावतात देवाला ठाऊक.

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मुंबईला कुणीतरी बाई आहे. एका माणसाची मोटार उगीच नाही घेतली. मी बसायला नको म्हणूनच घेतली.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

मन राहवेना म्हणून रहेमानभाईंच्या घरी गेले. त्यांची बायको हाजरा माझी मैत्रीण. बिचारी तव्यावर पोळी टाकत होती. मी सरळ विचारलं, हे मुंबईला कुणाकडे जातात?

हाजराने पोळी तशीच करपू दिली. "वहिनी, अल्ला कसम, तसं काही नाही. तुमचा माणूस लय चांगला आहे."

"मग रडतेस का?"

"धूर," म्हणाली. चुलीला धूर नव्हता. म्हणजे हिलाही माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे, मलाच तेवढं नाही. घरी येताना गोदेवर, आमच्या गंगेवर, थांबून तोंड धुतलं आणि मग पंचवटीत शिरले.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

कलेक्टर यायचे असले की रस्त्याकडेचे दगड चुन्याने रंगवतात. ह्यांनी स्वतःसाठी रंगवून घेतले! नाक्यापासून म्हसरूळपर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरे दगड, आणि वळणावरच्या आंब्याच्या खोडाला माणसाच्या उंचीइतका चुना. मिरवायची हौस म्हणावी तरी किती! गावभर चर्चा आहे. दसऱ्याला देवळालीचे साहेबलोकसुद्धा बघायला येणार म्हणतात.

शेडमध्ये ह्यांचं आणि रहेमानभाईंचं कडाक्याचं भांडण झालं. मी भिंतीआड होते. रहेमानभाई म्हणत होते, "भाभीला सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन." हे म्हणाले, "तुला माझ्या गळ्याची शपथ आहे." पुढे ऐकवलं नाही. कानांवर हात ठेवून परत फिरले. ती कोण आहे, कशी आहे, माझ्याहून गोरी आहे का, असले नाही नाही ते विचार दिवसभर डोक्यात.

आणि तरी सांगते, ह्या वहीला सांगायला लाज कसली: बाई असेल तर असू दे. त्या गाडीत मरू नयेत एवढंच मला पाहिजे.

शनिवार, २४ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज मी एक काम केलं आहे आणि मला माझीच पाठ थोपटावीशी वाटते.

त्या गाडीचं स्टेअरिंग निघतं. ते काढल्याशिवाय माणूस त्या खड्ड्यात शिरूच शकत नाही. आधी शिरायचं, मग ते बसवायचं. कुणी गाडी चालू करू नये म्हणून हे रोज संध्याकाळी ते काढून घरी आणतात आणि टोपीशेजारी खुंटीला अडकवतात. आज खंडेनवमी. शेडमधली सगळी हत्यारं घरी येतात, पाटावर मांडून पुजतात. पाने, हातोड्या, जॅक, सासूबाईंचा विळा, माझी कात्री. पाटावर मांडामांड चालली होती तेव्हा मी खुंटीवरून स्टेअरिंग काढलं, मधोमध ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. सासूबाईंनी वर अक्षता टाकल्या. झालं! पूजेतलं हत्यार आमच्या घरात दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवत नाहीत. पुरुष सोनं लुटायला निघायच्या वेळी सासूबाई आरती करतात, मगच ते उठतं. म्हणजे उद्या दुपारी बाराला गाडी निघत नाही. संध्याकाळी लोक आपट्याची पानं वाटण्यात दंग असतील, साहेबलोक परत गेलेले असतील, सगळा उत्साह विरून जाईल. काठी न मोडता साप मेला.

हे आले. पाटाशी वाकले, अगदी खाली, आणि हात पुढे करून स्टेअरिंग चाचपलं.

"हे इथे कुणी ठेवलं?"

"मी," म्हटलं. "हत्यार नाही का ते? बाकीची पुजायची आणि त्यालाच वगळायचं?"

ह्यांचा चेहरा एकदम उतरला. आईला म्हणाले, "आई, मला दुपारीच पाहिजे ते. दुपारीच. संध्याकाळी नाही चालायचं."

"देवाम्होरं ठेवलेलं हाय ते," सासूबाई म्हणाल्या. "उद्या सांजच्याला उठंल. मंग ने कुठं न्यायचं ते. तुझ्या बापानं बी कधी मधी उचललं नाय."

एवढा मोठा माणूस, लहान पोरासारखा हट्ट करत होता. दुपारीच, दुपारीच. मला आतून हसू येत होतं.

रविवार, २५ ऑक्टोबर, दसरा. दुपारी

बारा वाजून गेले. स्टेअरिंग पाटावर, हे ओसरीवर. रहेमानभाई येऊन गेले. म्हणाले, "वाल्मीक, आज राहू दे. उद्या दुपारी काढू." हे म्हणाले, "उद्या दसरा असतो का? लोक नाक्यावर थांबले आहेत. आणि उद्याचं मला सांगू नकोस, रहेमान." अडून बसलेत नुसते. मी पुरणाला हात लावते आता.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

आज पहिल्यांदा लेखणी धरली आहे. लिहिल्याशिवाय मला सुटका नाही.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी आरती केली आणि स्टेअरिंग उचलून ह्यांच्या हातात दिलं. लोक पांगले नव्हते. उलट दुपारपासून थांबलेले आणि सोनं लुटायला निघालेले मिळून नाक्यावर जत्रा जमली होती. मी ह्यांना ओवाळायला गाडीपाशी गेले. हे खुर्चीत बसलेले, कमरेपर्यंत गाडीत. म्हणाले, "निरांजन जरा जवळ धर." धरलं. "अजून जवळ." मला वाटलं चेष्टा चालली आहे. म्हटलं, मिशा जळतील. हे हसले. कुंकू लावताना माझं मनगट धरलं आणि घट्ट दाबून सोडलं.

गाडी सुटली तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. जमीन हलली. धुळीचा डोंगर उठला. रहेमानभाई ओरडले, "भाभी, बसा!" मी आणि सासूबाई लॉरीत चढलो आणि त्यांनी लॉरी मागे सोडली. ते चालवत होते आणि रडत होते, हमसून हमसून. मी विचारत होते काय झालं, काय झालं, आणि ते नुसते "दगड नाही दिसणार त्याला, दगड नाही दिसणार" एवढंच म्हणत होते.

म्हसरूळचं वळण आम्ही लांबून पाहिलं. चुन्याने रंगवलेला आंबा मला स्वच्छ दिसत होता. रस्ता डावीकडे वळला. गाडी वळली नाही. वळायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. सरळ गेली, आंब्याच्या पलीकडून बाजरीत शिरली, उलटली, आणि एकदम सगळं शांत झालं.

मी कशी पोचले ठाऊक नाही. हे बाजरीत उताणे पडले होते, पाय भलत्याच बाजूला वळलेला. डोळे उघडे. जिवंत! मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"कोण आहे?" म्हणाले.

"मी."

"अंधार पडला वाटतं. कुणाला तरी कंदील आणायला सांग."

आभाळ अजून तांबडं होतं. मला ह्यांच्या मिशीत अडकलेलं बाजरीचं कुसळ दिसत होतं. कपाळावरचं कुंकू दिसत होतं. मी म्हटलं, "अंधार कुठे आहे? उजेड आहे अजून."

रहेमानभाई शेजारी मातीत बसले. सासूबाईंनी ह्यांच्या डोळ्यांपुढून हात फिरवला, एकदा, दोनदा. मग तोच हात स्वतःच्या कपाळावर मारून घेतला.

मग रहेमानभाईंनी सगळं सांगितलं. गेल्या दिवाळीपासून तिन्हीसांजेला ह्यांना दिसेनासं झालं. दिवसाही दिसतं ते मधलं मधलं, आजूबाजूचं सगळं गेलेलं. आधी ताटाएवढं, आता वाटीएवढं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, उपाय नाही. चैत्रापर्यंत राहील की त्याच्या आधीच जाईल सांगता येत नाही. भर दुपारी, कडक उन्हात, पांढऱ्या दगडांच्या मधून गाडी नीट गेली असती. रहेमानभाईंनी ह्यांना लॉरीच्या स्टेअरिंगवर बसवून दोनदा त्या रस्त्याने नेऊन बघितलं होतं. दुपारी. म्हणून हे दुपारी, दुपारी म्हणत होते.

आणि ती दुपार मी काढून घेतली. हळदकुंकू वाहून, माळ घालून. ह्यांना वाचवायला म्हणून.

सिव्हिलमध्ये ह्यांच्या उशाशी बसून मी हे बोलून दाखवलं. म्हटलं, मला मारा, काहीतरी बोला. हे म्हणाले, "तुला कसं माहीत असणार? मीच सांगितलं नाही." मग थोड्या वेळाने, "वेग काय होता गं! तुला आवाज ऐकू आला ना?"

मला राग आला. खरंच आला. हे असं मेल्यावर उठून बसल्यासारखं हसतात, आणि मी आत तुटून चालले आहे.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

घरी आणलं. पाय फळ्यांत बांधलेला. पणत्या लावल्या त्या ह्यांना दिसल्या नाहीत. मी एकेक पणती हातात देऊन कुठे ठेवली ते सांगत होते. सासूबाई आत जाऊन रडून आल्या.

गाडीचं नाक चेपलं आहे, इंजिनाला ओरखडासुद्धा नाही. रहेमानभाई ते काढून पिठाच्या गिरणीला लावणार आहेत, शेडमध्येच. विलायतेच्या गोल रस्त्यावर पळणारं इंजिन आता पंचवटीची ज्वारी दळणार. पुतळाबाईंनी पहिला डबा आपला म्हणून आत्ताच सांगून ठेवलं आहे. हे म्हणाले, "दळू दे. बंद पडून धूळ खाण्यापेक्षा बरं." बाकीचा पत्रा लोहाराने नेला. खुर्ची तेवढी कुणाला नको होती.

रविवार, २२ नोव्हेंबर

वालाचा तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. "समोर बस, बघू दे," म्हणाले होते. तेव्हा थाळीएवढं तरी दिसत असेल. आणि मी पदर तोंडावर ओढून घरात आले.

गुरुवारी मी ती खुर्ची अंगणात आणून ठेवली. चामड्याची आहे, खोलगट, बसलं की दोन्ही बाजूंनी धरून ठेवते. बाराच्या उन्हात ह्यांची खाट समोर ओढली, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि त्या खुर्चीत जाऊन बसले. पुतळाबाई कुंपणाशी होत्या. असू देत. सासूबाई दारात होत्या. त्या पुढे आल्या आणि दोरीवर वाळत घातलेलं लुगडं बाजूला सारून माझ्यावरची सावली काढली.

"बघा," म्हटलं.

हे बघत राहिले. मान हळूहळू हलवत, कपाळावरून भुवईवर, भुवईवरून गालावर, गाडीवर बोट फिरवायचे तसं. मला लाज वाटली नाही. उन्हाने डोळ्यांत पाणी आलं तरी मिटले नाहीत. तेव्हापासून रोज बसते आहे. रोज थोडं कमी दिसतं, पण ते मला सांगत नाहीत. मी विचारते तेव्हा कळतं.

आज म्हणाले, "नाक दिसतंय. चमकी नाही दिसत."

पेटीतून लग्नातली मोठी नथ काढून ठेवली आहे. उद्या ती घालून बसणार आहे.